सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर राहायला, फिरायला, जमीन घ्यायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर सोलापुरात आणि रान मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, माळावर. नऊ वर्षं झाली. आठवड्यातले तीन दिवस तिकडं आणि चार दिवस शहरात, असं आम्हा दोघांचं चाललंय. त्यामुळं नात्यातले, ओळखीतले, पुण्याला स्थायिक झालेले भाचे-पुतणे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या खरेदीच्या वेळी आणि नंतर शिकलेलं आहे. सही करण्याआधी वकील लावाच.

‘माळ’ म्हणजे नेमका कोणता भाग?

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यातले नैऋत्येकडचे दोन म्हणजे सांगोला आणि मंगळवेढा. भीमेकाठची उसाची हिरवी पट्टी सोडून दक्षिणेला-पश्चिमेला निघालात की जमीन उंचसखल होते, मुरूम उघडा पडतो, झाडी विरळ होते. तिकडून पुढं सांगली जिल्ह्यातलं जत, आटपाडी आणि खाली कर्नाटक. सांगोल्याकडचा भाग माणदेशात मोडतो.

मंगळवेढा गावाभोवती मात्र वेगळंच चित्र आहे. तिथं मैलोन्‌मैल काळी भुई, सपाट, मध्ये एक झाड नाही. ती ज्वारीची रानं. नवखा माणूस दोन्हींना ‘माळ’ म्हणतो. गावात असं बोललात तर लोक हसतील, कारण काळ्या रानाचा मालक आपल्या जमिनीला माळ कधीच म्हणत नाही.

पठार आहे म्हणजे थंड हवा असेल ना?

नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ४५० ते ५५० मीटर उंची आहे, पण महाबळेश्वर-पाचगणीशी याचा काही संबंध नाही. सह्याद्रीनं सगळा पाऊस पश्चिमेला अडवल्यावर उरलेलं आमच्या वाट्याला येतं. जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि सांगोला-मंगळवेढ्याकडं बऱ्याच वर्षी तेवढाही पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर राहतो, कधी ४३-४४ ला जातो. रात्री मात्र वारा सुटतो. अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला वैशाखातही पहाटे पांघरूण लागतं. स्लॅबच्या घरात पंख्याखाली झोपणाऱ्याला हे खोटं वाटेल.

यायचं कसं?

सोलापूरपर्यंत सोपं आहे. मुंबईहून पुणेमार्गे वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून आहे, बाकी गाड्या भरपूर. पुण्याहून रस्त्यानं साधारण २५० किलोमीटर. सोलापूरहून मंगळवेढा ५५ किलोमीटर, तिथून सांगोला आणखी ३० च्या आसपास. रत्नागिरी-नागपूर महामार्ग या दोन्ही गावांवरून जातो, त्यामुळं जो प्रवास आमच्या वडिलांच्या काळी अख्ख्या दिवसाचा होता तो आता दीड तासाचा झालाय. सांगोल्याला रेल्वे स्टेशन आहे, पंढरपूर-मिरज मार्गावर. पूर्वी तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० ला याच स्टेशनातून पश्चिम बंगालला शालिमारकडं गेली. या भागातलं डाळिंब किती दूर जातं ते त्यावरून समजा.

महामार्ग सोडल्यानंतरचे शेवटचे पाच-सात किलोमीटर हाच खरा प्रवास. एसटी दिवसातून दोन-तीनदा येते, मुक्कामी गाडी सकाळी लवकर सुटते. स्वतःची दुचाकी नसेल तर राहायचा विचार करू नका.

आषाढी-कार्तिकीच्या आठवड्यात पंढरपूरवरून यायचा बेत आखू नका. वारीला यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्यांदा कधी यावं?

सगळे जानेवारीत येतात. थंडी असते, ज्वारी निसवलेली असते, कुणाच्या तरी रानात हुरड्याची आगटी पेटलेली असते, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, खायचं. अशा दुपारी माणूस भावनेच्या भरात दहा एकर घेईल. माझ्या एका नणंदेच्या जावयानं असंच घेतलं.

जमीन बघायची असेल तर चैत्र-वैशाखात या, तेही दुपारी बारानंतर. विहिरीत वाकून बघा. मग पुन्हा एकदा सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी या. काळ्या रानात गाडी रुतते की नाही, ओढ्याला पाणी आल्यावर वाट बंद होते की नाही, हे त्या एका दिवसात कळतं.

फिरायला आलो तर बघण्यासारखं काय?

धबधबे, पॉइंट, बोटिंग यातलं काही नाही. पण दोन दिवस सहज जातील.

भीमेकाठी माचणूर आहे, सिद्धेश्वराचं जुनं मंदिर आणि शेजारी किल्ल्याचे अवशेष. जवळच ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षं इथं बसून राहिला, हे वाळूत उभं राहिल्यावरच खरं वाटतं. मंगळवेढ्यात संत दामाजींचं मंदिर आहे. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठार उपाशी लोकांसाठी उघडलं ते इथंच. या गावात कोठार असणं साहजिकच होतं, आजही मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. संत चोखोबा गेले तेही इथंच, १३३८ साली, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून. कान्होपात्रा इथलीच, आणि महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी या गावात राहिले.

दिवाळीत येत असाल तर हुलजंतीला जा. महालिंगरायाच्या शिखराला अमावस्येच्या रात्री मुंडास बांधलं जातं, आणि नंतर गुरू-शिष्यांच्या पालख्यांची भेट होते. भंडारा, खोबरं, लोकर उधळली जाते, गाव पिवळंधमक होतं. पांढरे कपडे घालू नका, किंवा मुद्दाम घाला.

रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार बघा. खिलार बैलाची जोडी उभी असते तिथं चार माणसं नुसती बघत उभी असतात, घ्यायची ऐपत नसताना. मीही त्यातलीच.

माळढोक बघायला नान्नजला जायचं का, असं बरेच विचारतात. ते अभयारण्य सोलापूरच्या दुसऱ्या अंगाला, बार्शी रस्त्यावर, १९७९ सालचं. जरूर जा, काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा. माळढोकाची आशा धरू नका.

भाषा कोणती चालते?

मराठीच. पण मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या गावांत घरोघरी कन्नडही बोलली जाते, आणि बरीच माणसं एकाच वाक्यात दोन्हींतून जातात. व्यवहार ठरवताना समोरचे दोघे एकदम कन्नडमध्ये बोलू लागले तर आपला गडी सोबत असलेला बरा. सांगोल्याकडं माणदेशी बोली. ‘लई’, ‘हितं-तितं’ ऐकून शहरातली मुलं आधी हसतात आणि आठवड्याभरात तशीच बोलू लागतात.

पाण्याचं काय?

हा प्रश्न खरं तर पहिला हवा होता, पण विचारणारे तो चौथा-पाचवा विचारतात. म्हणून इथं.

‘पाणी हाय की ओ’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक विकणाऱ्याकडून ऐकायला मिळेल. ते खोटं नसतं. कार्तिकात पाणी असतंच. तुम्ही विचारायचं ते असं: वैशाखात मोटार सलग किती वेळ चालते, आणि विहीर उपसल्यावर परत भरायला किती तास लागतात? उत्तर तोंडी घेऊ नका. समोर मोटार लावायला सांगा, घड्याळ बघा. आमच्या विहिरीचं उत्तर ‘चाळीस मिनिटं, मग दुसऱ्या दिवशी’ असं आहे, आणि आम्ही ते माहीत असूनच घेतलं.

खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि दगडाच्या भेगांत असतं. भेग लागली तर लागली. म्हणून एका बांधाच्या अलीकडं बोअरला पाणी आणि पलीकडं नुसती धूळ असं होतं. पानाडी हातावर नारळ ठेवून जागा दाखवतो. आमच्याकडं दोन पानाड्यांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या, तिसरी जागा नवऱ्यानं स्वतः निवडली, तीनपैकी एकालाच पाणी लागलं. कुणाच्या ते सांगत नाही, घरात भांडण होतं. खोल जाण्याचा मोह आवरा. वरचा थर संपला की पुढचे तीनशे फूट बहुतेक वेळा फक्त मशीनवाल्याचं बिल वाढवतात.

सातबाऱ्यावर विहीर दिसली तरी ती सामाईक आहे का ते बघा. सामाईक विहिरीला पाळी असते, कुणाचे किती दिवस हे ठरलेलं असतं. मूळ मालकाच्या चार भावांत वाटणी झाली असेल तर तुमच्या वाट्याला आठवड्यातला पावणेदोन दिवस येईल. त्यात वीज रात्रीची असली तर झोप गेली.

आणि कालव्याचं पाणी? टेंभू योजनेचं पाणी सांगोल्याच्या काही भागात येतं, म्हैसाळचं मंगळवेढ्याच्या काही भागात, नीरेच्या उजव्या कालव्याचं सांगोल्याकडं. दक्षिण मंगळवेढ्याच्या गावांनी तर पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आंदोलनं केली, निवडणुकांवर बहिष्कार टाकायची भाषा केली. त्यामुळं ‘पुढच्या वर्षी पाणी येतंय’ ही गोष्ट इथं फार जुनी आहे. आपला गट नंबर लाभक्षेत्रात आहे का हे पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, चहाच्या टपरीवर नको. आणि येणाऱ्या पाण्याचे पैसे आज मोजू नका.

ज्यांच्याकडं बागा आहेत त्यांनी शेततळी केलीत, प्लास्टिकचा कागद अंथरून. पावसाळ्यात भरायचं, उन्हाळ्यात ठिबकनं पुरवायचं. तुमच्या हिशेबात जमिनीच्या किमतीशेजारी शेततळ्याचा खर्च लिहून ठेवा. २०१३ आणि २०१९ ला इथं जनावरांच्या चारा छावण्या लागल्या होत्या. १९७२ ची आठवण सांगणारे अजून आहेत. अशी साल पुन्हा येणार हे धरून चालायचं.

मी शेतकरी नाही. मला जमीन घेता येईल का?

महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. बाकीच्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. राज्यात कुठंही तुमच्या नावचा सातबारा असला की चालतं, सोलापुरातच पाहिजे असं नाही.

आमच्या घरातलं उदाहरण देते. नवऱ्याच्या घराण्यात तीन पिढ्या गिरणी आणि यंत्रमाग, शेतीचा एक गुंठा नाही. मी सांगोल्याकडची, वडिलांच्या माघारी वारसा नोंदीनं भावांबरोबर माझंही नाव सातबाऱ्याला लागलेलं. म्हणून आमच्यात शेतकरी मी. खरेदीखत माझ्या नावावर झालं. गावात अजून लोक यांना ‘बाईंचे मालक’ म्हणतात.

बायकांनो, माहेरच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का ते बघून ठेवा. हक्कसोड पत्रावर सही मागायला भाऊ पेढे घेऊन येतात तेव्हा हे आठवत नाही. मी सही केली नव्हती. पाच-सहा वर्षं राखीला थोडा ताण होता, आता नाही.

सातबाऱ्यावर काय काय बघायचं?

सातबारा आणि आठ अ ऑनलाइन निघतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. तो काढणं सोपं, वाचणं अवघड. आम्ही काय बघितलं ते सांगते.

भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. मंगळवेढा-पंढरपूर भागात देवस्थान इनामाच्या, वतनाच्या जमिनी आहेत. उजनी धरणाच्या विस्थापितांना दिलेल्या पुनर्वसनाच्याही आहेत. ‘सगळे असंच करतात, नंतर वर्ग १ करून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर उठून या.

‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. विकास सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाची नोंद, ‘तुकडा’ असा शेरा, पुनर्वसनासाठी राखीव, सगळं तिथं असतं. बोजा फेडल्याचा दाखला मालकाच्या खिशात असून उपयोग नाही, नोंद कमी झालेली हवी.

पोटखराबा किती? दोन एकर म्हणून घेता आणि त्यातले पंधरा गुंठे ओढा आणि खडक निघतात.

आणि नावं मोजा. सातबाऱ्यावर सात नावं असतील तर सात सह्या. बहिणी नांदायला गेलेल्या असतात, एखादी वारलेली असते, मग तिची मुलं. ‘बहिणींचं काही नाही ओ, त्या देतील सही’ यावर विश्वास ठेवून इसार दिला तर पुढचा फोन त्यांच्या वकिलाचा येतो. वाटणी कागदावर झालीय का, की नुसती तोंडी? तोंडी वाटणीत प्रत्येक भाऊ बांधाकडं बोट दाखवून ‘हे माझं’ म्हणतो. कागदावर मात्र अजून सगळं सामाईक असतं.

जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढा, निदान ३० वर्षांचे. ते वाचणं म्हणजे त्या घराण्याची कथा वाचणं आहे. कोण कधी वारलं, कुणी कर्ज काढलं, कुणी कुणाला कोर्टात खेचलं. मला त्यात इतका रस वाटला की आमच्या जमिनीच्या फेरफारांची मी वही केलीय.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी. पैसे विकणाऱ्यानं भरायचे की घेणाऱ्यानं यावर वाद होतो. तुम्हीच भरा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. व्यवहार चेकनं किंवा बँकेतून करा. जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीनं देणं-घेणं आयकर कायद्याला चालत नाही. नोटरीच्या कागदावर जमीन नावावर होत नाही. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं खरेदीखतच हवं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळं.

खरेदीनंतर तलाठ्याकडं (आता कागदोपत्री ‘ग्राम महसूल अधिकारी’) फेरफार धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवस नोटीस लागते, मग मंडल अधिकारी मंजूर करतात. नवा सातबारा हातात येईपर्यंत पेढे वाटू नका.

पाच-दहा गुंठ्यांचा ‘फार्म प्लॉट’ मिळतोय, घेऊ का?

नको. तुकडेबंदी कायदा १९४७ सालचा आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरलं. त्याखालचा तुकडा खरेदीनं नावावर होत नाही. विहीर, शेतरस्ता अशा कामांसाठी सवलत आहे, पण ती तुमच्या झोपाळ्यासाठी नाही. २०२५ मध्ये नियम सैल झाले ते शहरांच्या आणि विकास प्राधिकरणांच्या हद्दीतल्या निवासी भागासाठी. एजंट ती बातमी मोबाइलवर दाखवून माळावरचा तुकडा विकतात. दहा जणांनी मिळून एक एकर घेऊन आत आपसात चुना मारून वाटणी करायची, हा प्रकारही चालतो. पहिली दोन वर्षं सगळे एकत्र हुरडा खातात.

जमिनीला रस्ता आहे असं म्हणतात. तेवढं पुरे?

इथं आमचे पैसे गेले, म्हणून सविस्तर सांगते.

आताची जमीन घेण्याआधी आम्ही दुसऱ्या एका गावात चार एकरांचा इसार दिला होता. गाडी थेट बांधापर्यंत गेली होती. माती चांगली, विहीर बरी. एजंट म्हणाला, वहिवाटीचा रस्ता आहे, पिढ्यान्‌पिढ्याचा. श्रावणात परत गेलो तर त्याच वाटेवर बाभळीच्या काट्याचे फास टाकलेले आणि पलीकडं मका उभी. शेजारचे मालक शांतपणे म्हणाले, ‘उन्हाळ्यात रान मोकळं असतंय तवा जाऊ देतो. पिकातनं कसं जाताव?’ त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. गाव नकाशात तिथं रस्ताच नव्हता.

कायद्यात वाट आहे. महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणं बांधावरून रस्ता मागायला तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. पण तारखा पडतात, अपिलं होतात, आणि ज्याच्या बांधावरून जायचं त्याच्याशी आयुष्यभराचं वैर घेऊन तुम्ही तिथं भाकरी खाणार असता. आम्ही माघार घेतली. इसारातले निम्मे परत मिळाले, तेही आठ महिन्यांनी.

म्हणून गाव नकाशा काढा. त्यात रस्ता रेघेनं दाखवलेला आहे का बघा. नसेल तर ज्याच्या रानातून जायचं त्याच्याकडून रस्त्याचा नोंदणीकृत दस्त करून घ्या आणि सातबाऱ्यावर नोंद लावा. आणि त्या शेजाऱ्याच्या घरी एकदा चहाला जाऊन या, व्यवहाराच्या आधी. तुम्हाला कुणी सांगणार नाही इतकं तिथं कळतं.

एकरी भाव काय?

आकडा लिहीत नाही, तो सहा महिन्यांत जुना होतो. एवढं सांगते की एकाच गावात महामार्गाला लागून असलेलं रान आणि आतला मुरमाड माळ यांच्या भावात अनेक पटींचा फरक असतो, आणि त्या फरकातलं बरंचसं रस्ता आणि पाण्याचं असतं, मातीचं थोडं. शासनाचा शीघ्रसिद्ध गणकाचा दर बघा, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. प्रत्यक्ष भाव गावातल्या दोन-तीन ताज्या खरेदीखतांवरून काढा. नवा महामार्ग होणार म्हणून वाढवलेला भाव देऊ नका. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीवर इथं जेवढी भाषणं झाली तेवढ्यात एखादा साधा शेतरस्ता तयार झाला असता.

डाळिंब लावावं म्हणतो. परवडेल?

शहरातल्या पगारावर लावणार असाल तर दोनदा विचार करा. सांगोला म्हणजे डाळिंब हे खरं आहे. सोलापूरच्या डाळिंबाला मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात केगावला आहे, या गावांनी डाळिंबावर बंगले बांधले. पण तेल्या, मर असे रोग येतात, आणि अलीकडं खोडकिड्यानं सांगोल्यातल्या कितीतरी बागा उपटायला लावल्या. बहार धरणं, ताण देणं, फवारणी, विरळणी हे फोनवरून होत नाही. बागेत रोज फिरणारा माणूस लागतो, आणि तो तुम्ही नसाल तर त्याला वाटा द्यावा लागतो.

आमच्याकडं दीड एकर मालदांडी ज्वारी, थोडी तूर, बांधाला बोर आणि शेवगा. मालदांडीचा एम ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला, नव्वद वर्षांपूर्वीचा, अजून हटत नाही. पावसाच्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येतो. पैसे मिळत नाहीत, वर्षाची भाकरी आणि कडबा मिळतो. कडबा शेजारी नेतात, त्या बदल्यात आम्ही नसताना रान सांभाळतात.

सोलर कंपनीला भाड्यानं देता येईल का?

पडीक माळ असेल आणि वीज उपकेंद्र जवळ असेल तर विचारणा होते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरलेली आहे. खासगी करार वेगळे असतात. पंचवीस-तीस वर्षांचा करार म्हणजे तुमची हयात गेली, मुलांना विचारून सही करा.

वीज कशी आहे?

शेतीच्या लाईनला थ्री-फेज आठेक तास, कधी दिवसा, कधी रात्री, आठवड्याचं वेळापत्रक बदलतं. घराला सिंगल-फेज घ्या. सौर पंपाची सरकारी योजना चांगली आहे, सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात. पण पॅनलवर धूळ बसते, ती दर आठवड्याला पुसायला कुणीतरी पाहिजे.

घर कसं बांधावं?

जाड भिंतीचं, उंच छताचं, उत्तरेला आणि पूर्वेला पडवी असलेलं. पत्रा टाकलात तर मेमध्ये दुपारी आत बसणं अशक्य. जुनी धाब्याची घरं, माती-दगडाची, अजून उभी आहेत आणि त्यात दुपारी झोप लागते. छतावरचं पावसाचं पाणी धरायला टाकी पायाबरोबरच बांधा, नंतर होत नाही. काळ्या रानात घर बांधू नका, भिंतीला तडे जातात. त्याच गटातला मुरमाचा तुकडा शोधा.

साप, लांडगे, चोर?

साप आहेत. नाग, घोणस, मण्यार आणि मुरमात फुरसं. रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नका, लाकडाच्या ढिगात हात घालू नका, चावला तर मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखाना. लांडगा माणसाच्या वाटेला जात नाही, मेंढपाळांशी त्याचं वैर आहे. चोर मोटारीची केबल नेतात. आमची दोनदा गेली.

दवाखाना, शाळा?

साधं दुखणं तालुक्याला, मोठं सोलापूरला किंवा सांगली-मिरजेला. हृदयाचा त्रास असलेल्या माणसानं आतल्या वस्तीवर एकटं राहू नये असं माझं मत आहे. शाळकरी मुलं घेऊन येत असाल तर तालुक्याच्या गावात राहा आणि रानात येऊन-जाऊन करा.

गावातले लोक कसे? बाहेरच्यांना सामावून घेतात का?

जत्रेची वर्गणी मागायला येतील. पावती न मागता द्या. मयतीला जा, लग्नाला गेला नाहीत तरी चालेल. कुंपण घालायच्या आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना उभं करून दोरी धरा. राजकारणावर मत विचारतील, तेव्हा हसावं. सांगोला तालुका तर एकाच माणसाला ११ वेळा आमदार करणारा आहे. गणपतराव देशमुखांबद्दल कुणी बोलायला लागलं की फक्त ऐकायचं.

उन्हाळ्यात मेंढपाळ येतील, रानात मेंढरं बसवू का म्हणून विचारतील. शहरातून आलेले घाबरून नाही म्हणतात. हो म्हणा. दोन रात्री कळप बसला की लेंडीखत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे द्यायचे. आमच्या मुरमात पहिल्यांदा ज्वारी कमरेच्या वर गेली ती मेंढरं बसवल्याच्या वर्षी.

तुमच्या शेजारची जमीन विकाऊ आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. उत्तरेची चार एकर, वर्ग १, रस्ता नकाशात आहे. विहीर आमच्याबरोबर सामाईक. मालकांना तीन बहिणी. दोघी तयार आहेत, तिसरी पुण्याला असते आणि तिनं अजून काही सांगितलेलं नाही. वैशाखात या, मोटार लावून दाखवते.